जुन्या नोकरीचा थकलेला पगार आता मिळाला, तर त्यावर कर कसा भरायचा?

सोलापूर जिल्ह्यात पगार थकणं म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. गळीत हंगाम संपतो, साखर गोदामात पडून राहते आणि कारखान्याच्या कामगारांचे पगार एकेक महिना मागे पडत जातात. अक्कलकोट रोड किंवा चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेलच्या युनिटची ऑर्डर अडकली की मालक सांगतो, ‘या महिन्यात जरा सांभाळून घ्या.’ सांभाळून घेता घेता सहा महिने होतात. घर चालवायचं असतं, म्हणून माणूस दुसरी नोकरी धरतो आणि जुन्या पैशांची आशा सोडून देतो. मग कधीतरी तडजोड होते, कामगार न्यायालयाचा निकाल लागतो किंवा बंद पडलेला कारखाना कुणीतरी चालवायला घेतं, आणि खात्यात एकदम दोन-तीन लाख रुपये येऊन पडतात.

पैसे आल्याचं समाधान असतंच. पण त्याबरोबर प्रश्नही येतात. हे उत्पन्न कुठल्या वर्षाचं धरायचं? काम केलं त्या वर्षाचं रिटर्न पुन्हा उघडायचं का? आज माझा पगार जास्त आहे, म्हणून तेव्हाच्या तुटपुंज्या पगारावर आजच्या चढ्या दराने कर भरायचा का?

थोडक्यात उत्तर असं: जुनं रिटर्न उघडायचं नाही. पैसे ज्या वर्षी हातात आले त्या वर्षाच्या रिटर्नमध्ये ते पगार म्हणून दाखवायचे. आणि उशिरामुळे जो जादा कर बसतो तो आयकर कायद्याच्या कलम ८९ खाली माफ करून घ्यायचा. ही माफी आपोआप मिळत नाही. त्यासाठी रिटर्न भरण्याआधी फॉर्म १०ई भरावा लागतो. हा फॉर्म माहीत नसल्यामुळे हक्काचे पैसे सोडून देणारी माणसं आपल्याकडे फार आहेत. ज्याचा पगार आधीच कुणीतरी अडवून ठेवला होता, त्यानेच पुन्हा जास्तीचा करही भरावा, हे मला अजिबात पटत नाही. म्हणून हा विषय नीट उलगडून सांगतो.

आधी कायदा पगाराकडे कसा बघतो ते पाहू. १९६१च्या आयकर कायद्याचं कलम १५ सांगतं की पगार देय झाला की करपात्र होतो, मग तो हातात आलेला असो वा नसो. म्हणजे मार्चचा पगार मार्चमध्ये देय झाला आणि मालकाने दिलाच नाही, तरी काटेकोरपणे बघितलं तर तो त्याच आर्थिक वर्षाचं उत्पन्न ठरतो. वाचायला हे क्रूर वाटतं, आणि आहेही. पण टीडीएस, म्हणजे मालक पगारातून कापून सरकारात भरतो तो कर, मात्र प्रत्यक्ष पैसे देताना कापतात, त्यामुळे न दिलेला पगार बहुतेक वेळा फॉर्म १६ मध्ये, म्हणजे मालक देतो त्या पगार आणि टीडीएसच्या दाखल्यात, येत नाही आणि कामगारही रिटर्नमध्ये दाखवत नाही. याच कलमाचा पुढचा भाग अशा पैशांसाठी आहे: मागच्या कुठल्याही वर्षात ज्यावर कर लागलेला नाही अशी पगाराची थकबाकी या वर्षी मिळाली, तर ती या वर्षाचं उत्पन्न. आपल्या बहुतेक वाचकांची गोष्ट इथेच बसते.

यात दोन प्रकार असतात. पगार ठरलेला होता, पण वेळेवर दिला नाही, तो थकीत पगार. दुसरा प्रकार म्हणजे फरक. पगारवाढीचा करार आज होतो आणि तो दोन वर्षांमागच्या तारखेपासून लागू होतो. झेडपीच्या शिक्षकांना किंवा महापालिकेच्या कर्मचाऱ्यांना वेतन आयोगाचा फरक मिळतो तो हा प्रकार. कर भरण्याची आणि सवलत मागण्याची रीत दोन्हींना एकच.

एक अपवाद इथेच सांगून टाकतो. काही लोकांनी, किंवा त्यांच्या सीएने, त्या वेळीच न मिळालेला पगारसुद्धा रिटर्नमध्ये दाखवून कर भरलेला असतो. तुम्ही त्यांतले असाल तर आता ती रक्कम पुन्हा उत्पन्नात धरायची नाही. एकाच पगारावर दोनदा कर लागत नाही. त्या जुन्या रिटर्नची प्रत मात्र जपून ठेवा, कारण विचारणा होऊ शकते. आणि जुन्या कंपनीने आता पैसे देताना टीडीएस कापला असेल, तर तो जुन्या वर्षाच्या हिशेबात जमा करून घेण्यासाठी फॉर्म ७१ आहे. ज्या आर्थिक वर्षात टीडीएस कापला ते संपल्यापासून दोन वर्षांच्या आत तो भरायचा.

आकड्यांत बघू

समजा, एक केमिस्ट सोलापूर जिल्ह्यातल्या साखर कारखान्यात होता. पगार महिना ५०,००० रुपये. २०२२-२३ या आर्थिक वर्षात त्याला सहाच महिन्यांचा पगार मिळाला, म्हणजे ३,००,०००. उरलेले ३,००,००० थकले. वैतागून त्याने नोकरी सोडली आणि पुण्याच्या एका कंपनीत लागला. आज त्याचा वर्षाचा पगार १३,७५,००० आहे. जुन्या कारखान्याने २०२५-२६ मध्ये थकलेले ३,००,००० दिले. तो नव्या कररचनेत आहे.

पहिल्यांदा चालू वर्ष. १३,७५,००० मधून ७५,००० ची प्रमाणित वजावट (प्रत्येक पगारदाराला मिळणारी ठरावीक सूट) गेली, राहिले १३,००,०००. नव्या रचनेत ४ लाखांपर्यंत कर नाही, पुढच्या ४ लाखांवर ५ टक्के, त्यापुढच्या ४ लाखांवर १० टक्के आणि १२ ते १६ लाखांच्या टप्प्यावर १५ टक्के. हिशेब असा: २०,००० अधिक ४०,००० अधिक १५,०००, एकूण ७५,०००. त्यावर ४ टक्के उपकर धरून ७८,०००.

आता थकबाकी मिळवा. उत्पन्न झालं १६,००,०००. कर १,२०,००० आणि उपकरासह १,२४,८००. म्हणजे त्या तीन लाखांमुळे या वर्षी ४६,८०० रुपयांचा कर वाढला.

मग मागचं वर्ष, तेव्हाच्या दरांनी. २०२२-२३ मध्ये तो जुन्या कररचनेत होता. तेव्हा हातात आलेल्या ३,००,००० मधून ५०,००० ची प्रमाणित वजावट गेली, राहिले २,५०,०००. कर शून्य. पगार वेळेवर आला असता तर ६,००,००० मधून ५०,००० वजा जाऊन ५,५०,००० राहिले असते. अडीच ते पाच लाखांवर ५ टक्के म्हणजे १२,५००, वरच्या ५०,००० वर २० टक्के म्हणजे १०,०००. एकूण २२,५००, उपकरासह २३,४००.

पगार वेळेवर मिळाला असता तर २३,४०० कर बसला असता. उशिरा मिळाला म्हणून ४६,८०० बसतो. दोन्हींतला फरक २३,४००. ही कलम ८९ची सवलत. ती मागितली की केमिस्टला त्या तीन लाखांवर तेवढाच कर पडतो जेवढा २०२२-२३ मध्ये पडला असता. त्या वर्षी पीएफ, विमा अशी ८०सीची वजावट असेल तर त्या वर्षाचं उत्पन्न आणखी खाली येतं आणि सवलत त्या प्रमाणात वाढते. माझ्याकडून हा हिशेब सोपा ठेवायचा म्हणून ती धरलेली नाही.

हीच पद्धत आयकर नियमांतल्या नियम २१एमध्ये लिहिलेली आहे. थकबाकी दोन-तीन वर्षांची असेल तर ती वर्षवार तोडायची, तिच्यामुळे प्रत्येक वर्षी वाढला असता तो कर त्या वर्षाच्या दराने आणि त्या वर्षी तुम्ही निवडलेल्या कररचनेने काढायचा, आणि सगळ्यांची बेरीज चालू वर्षाच्या वाढलेल्या करातून वजा करायची. वजाबाकी शून्य किंवा उणे आली तर सवलत नाही. तेव्हा तुमचं उत्पन्न आजच्यापेक्षा जास्त होतं, किंवा दोन्ही वर्षांत दर सारखाच पडतो, तर असं होतं. उणे आलं म्हणून जास्तीचा कर मात्र कुणी मागत नाही.

‘नव्या कररचनेत सगळ्या सवलती गेल्या’ असं सर्रास ऐकू येतं. कलम ८९ची सवलत गेलेली नाही. ती ८०सीसारखी वजावट नाही, उशिरामुळे झालेल्या अन्यायाची भरपाई आहे, आणि दोन्ही रचनांत मिळते.

ज्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावं असा एक गट आहे. नव्या रचनेत करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर कलम ८७एच्या सवलतीमुळे कर शून्य होतो. पगारदाराला ७५,००० ची वजावट धरली तर वर्षाला पावणेतेरा लाखांपर्यंत. समजा, एखाद्याचं करपात्र उत्पन्न ११,२५,००० आहे, कर शून्य. त्यात तीन लाखांची थकबाकी आली की उत्पन्न १४,२५,००० होतं, कर शून्य करणारी ८७एची सवलत जाते आणि उपकरासह कर थेट ९७,५०० होतो. तीन लाखांतला जवळजवळ तिसरा हिस्सा गेला. या माणसाचा १०ई भरायचा राहिला तर त्याचं फार मोठं नुकसान आहे.

उलट, थकबाकी धरूनही करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत राहत असेल, तर नव्या रचनेत करच नाही, मग सवलत मागण्याचा प्रश्न येत नाही. पूर्व भागातल्या यंत्रमागावरच्या कामगारांची, विडी कामगार बायांची, छोट्या शाळेतल्या शिक्षकांची स्थिती बहुतेक अशीच असेल. त्यांनी घाबरून कुणा एजंटाला पैसे देऊ नयेत. रिटर्न भरत असाल तर रक्कम पगारात दाखवा, एवढं पुरे.

फॉर्म १०ई

हा फॉर्म आयकर खात्याच्या पोर्टलवरच भरायचा असतो, कागदावर नाही. लॉगिन करून ई-फाईलमध्ये आयकर फॉर्मच्या यादीत जा, १०ई निवडा. इथे सगळ्यात जास्त चूक होते ती वर्ष निवडताना. लोक थकबाकी ज्या वर्षाची आहे ते वर्ष टाकतात. टाकायचं असतं पैसे मिळाल्याचं वर्ष. २०२५-२६ या आर्थिक वर्षात पैसे आले, तर कर निर्धारण वर्ष २०२६-२७. मागची वर्षं आतल्या तक्त्यात येतात.

फॉर्मला वेगवेगळी परिशिष्टं आहेत. थकीत पगार किंवा फरकासाठी पहिलं परिशिष्ट. ग्रॅच्युइटी, नोकरी संपल्याची भरपाई, विकलेलं निवृत्तिवेतन यांची वेगळी. पहिल्या परिशिष्टात वर बघितलेलाच हिशेब मांडायचा असतो: चालू वर्षाचं उत्पन्न थकबाकीसह आणि थकबाकीशिवाय, मग मागच्या प्रत्येक वर्षाचं तसंच. म्हणून बसण्याआधी मागच्या वर्षांची रिटर्न काढून ठेवा. रिटर्न भरलंच नव्हतं तर त्या वर्षाचा फॉर्म १६, तोही नसेल तर पगारपत्रकं आणि पासबुक यांवरून उत्पन्न काढा. शेवटी आधारच्या ओटीपीने फॉर्म पडताळला की काम झालं.

त्यानंतर रिटर्न. रिटर्नमध्ये कर काढण्याच्या भागात कलम ८९चा रकाना असतो, तिथे तीच रक्कम लिहायची. आधी फॉर्म, मग रिटर्न, हा क्रम मोडू नका. कर निर्धारण वर्ष २०१५-१६ पासून खातं १०ई नसेल तर ही सवलत मान्य करत नाही. रिटर्नमध्ये आकडा लिहिला आणि फॉर्म नसला, तर रिटर्न तपासून खातं पाठवतं ती कलम १४३(१)ची सूचना येते आणि सवलत काढून टाकून कराची मागणी होते. असं झालेलं असेल तर हातपाय गाळू नका. १०ई उशिरा भरून दुरुस्तीचा अर्ज करता येतो. पण त्या वाटेवर वेळ आणि मनस्ताप दोन्ही जातात, म्हणून आधीच भरलेला बरा.

रिटर्नचा कुठला फॉर्म घ्यायचा, यात सोलापूरकडे एक खास अडचण येते. नोकरी करणाऱ्या बऱ्याच जणांच्या नावावर मोहोळ, माढा, मंगळवेढा अशा तालुक्यांत थोडी शेती असते. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, पण ते वर्षाला ५,००० रुपयांपेक्षा जास्त असेल तर आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ घ्यावा लागतो. आणि एक गैरसमजही इथलाच: कारखान्याकडून उसाचं थकलेलं बिल आलं त्यावर कर नाही, म्हणून त्याच कारखान्याच्या थकलेल्या पगारावरही नाही, असं काही जण धरून चालतात. ऊस शेतीचं उत्पन्न आहे, पगार पगार आहे. कारखाना एकच असला तरी खाती वेगळी.

दोन मालक, दोन फॉर्म १६

जुन्या कंपनीला तुमचा आजचा पगार माहीत नसतो. ती फक्त आपण दिलेल्या तीन लाखांकडे बघते, रक्कम चार लाखांच्या आत आहे म्हणून टीडीएस कापत नाही. नव्या कंपनीला जुन्या पैशांचा पत्ता नसतो. दोघीही आपापल्या जागी बरोबर, आणि वर्षाअखेरीस तुमच्याकडे दोन फॉर्म १६, दोन्हींत प्रमाणित वजावट धरलेली. रिटर्न भरताना ती एकदाच मिळते. दोन्ही फॉर्ममधला एकूण पगार मिळवायचा आणि मग एकदाच ७५,००० वजा करायचे.

वरच्या केमिस्टचं उदाहरण पुढे नेलं तर पुण्याच्या कंपनीने ७८,००० टीडीएस कापला, साखर कारखान्याने शून्य. सवलत धरूनही त्याला २३,४०० स्वतः भरायचे आहेत. टीडीएस वजा जाता १०,००० किंवा त्याहून जास्त कर उरत असेल तर आगाऊ कर भरावा लागतो. शेवटचा हप्ता १५ मार्चपर्यंत. राहिला तर ३१ मार्चच्या आत तरी भरून टाका, कारण पुढे कलम २३४बीखाली दरमहा १ टक्का व्याज चढत जातं. त्यामुळे पैसे जानेवारी-फेब्रुवारीत आले तर रिटर्नची मुदत जुलैमध्ये आहे म्हणून स्वस्थ बसू नका.

याहून सोपा मार्ग म्हणजे नव्या मालकाला कळवणं. फॉर्म १२बीमध्ये जुन्या मालकाकडून मिळालेला पगार आणि त्यावर कापलेला कर लिहून दिला की नवी कंपनी सगळं एकत्र धरून टीडीएस कापते. कलम ८९ची सवलतसुद्धा टीडीएस कापतानाच मिळू शकते, १०ईचा तपशील दिला तर. सरकारी नोकर आणि कंपनी, सहकारी संस्था, स्थानिक संस्था, विद्यापीठ यांसारख्यांचे कर्मचारी यांना कायद्याने ही सोय दिली आहे. सहकारी साखर कारखाना, महापालिका, विद्यापीठ यांच्याकडे नोकरी असेल तर पगार विभागाला विचारायला संकोचू नका. एकट्या मालकाच्या छोट्या कारखान्यात मात्र ही सोय नाही, तिथे सवलत रिटर्नमध्येच घ्यायची.

जुन्या कंपनीच्या दप्तरात तुमचा पॅन नसेल किंवा चुकीचा असेल, तर कर बसत असताना टीडीएस किमान २० टक्क्यांनी कापला जाऊ शकतो. पॅन-आधार जोडलेले नसले तरी तीच गत होऊ शकते. पैसे मिळणार अशी कुणकुण लागताच पॅन कळवून टाका.

आता चेकमध्ये काय काय आहे, याबद्दल. तडजोडीची रक्कम साधारणपणे एकाच आकड्यात येते आणि आत बऱ्याच गोष्टी मिसळलेल्या असतात. त्या वेगळ्या केल्याशिवाय रिटर्न भरू नका, कारण सगळ्यांना एकच नियम नाही. ग्रॅच्युइटी कायद्याखाली येणाऱ्या खासगी कामगाराला ग्रॅच्युइटी ठरलेल्या सूत्राने जास्तीत जास्त २० लाखांपर्यंत करमुक्त आहे. नोकरी सोडताना मिळणारे शिल्लक रजेचे पैसे खासगी कर्मचाऱ्याला २५ लाखांच्या कमाल मर्यादेत करमुक्त असू शकतात. कामगारकपातीची भरपाई ५ लाखांपर्यंत. थकलेला पगार आणि बोनस मात्र पूर्ण करपात्र. उशिराबद्दल व्याज दिलं असेल तर ते पगारात मिसळू नका, वेगळं लिहून घ्या आणि सल्लागाराला वेगळंच दाखवा. सगळा चेक ‘थकीत पगार’ म्हणून दाखवणारा माणूस करमुक्त ग्रॅच्युइटीवरही कर भरून मोकळा होतो.

आणि दाखवायची रक्कम कापाकापीच्या आधीची. जुन्या कंपनीने तीन लाखांतून पीएफचा तुमचा वाटा आणि पतसंस्थेचा हप्ता कापून उरलेले खात्यात टाकले असतील, तरी पगार तीन लाखच. पासबुकातला आकडा उचलून रिटर्नमध्ये टाकला तर जुन्या कंपनीने खात्याला दिलेल्या माहितीशी तो जुळत नाही. पीएफचा वाटा खरोखर जमा झाला का, हे पीएफच्या पासबुकात वेगळं तपासा.

रिटर्नआधी पोर्टलवर २६एएस (तुमच्या नावावर जमा झालेल्या टीडीएसचा तक्ता) आणि वार्षिक माहिती विवरण ही दोन्ही बघायची सवय लावून घ्या. तिथे जुन्या कंपनीचं नाव आणि तिने दाखवलेला पगार दिसला, तर तुम्ही तो लपवू शकत नाही, आणि लपवायचं कारणही नाही. कधीकधी उलटं होतं: पगारपत्रकावर टीडीएस कापलेला दिसतो, पण २६एएसमध्ये त्याचा मागमूस नसतो, म्हणजे कंपनीने कापला आणि सरकारात भरलाच नाही. अडचणीत असलेल्या कंपन्यांकडून हे घडतं. अशा वेळी कायदा कामगाराच्या बाजूने आहे. कलम २०५ सांगतं की जेवढा कर पगारातून कापला गेला आहे तेवढा खातं पुन्हा तुमच्याकडून थेट वसूल करू शकत नाही. पण कापला होता हे तुम्हाला दाखवता आलं पाहिजे. म्हणून कापलेल्या कराचं पगारपत्रक, कमी जमा झालेल्या रकमेची बँकेतली नोंद आणि कंपनीला पाठवलेलं पत्र किंवा ईमेल हे सगळं फाईलमध्ये ठेवा.

कंपनी बुडाली असेल तर? गिरण्या बंद पडताना या शहराने पाहिलं आहे, त्यामुळे हा प्रश्न इथे पुस्तकी नाही. २०१६च्या दिवाळखोरी संहितेच्या कलम ५३ प्रमाणे, परिसमापन (कंपनी गुंडाळून तिची मालमत्ता विकून देणी भागवणं) सुरू होण्याआधीच्या २४ महिन्यांची कामगारांची देणी बँकांसारख्या तारण असलेल्या धनकोंच्या बरोबरीने चुकती करायची असतात. इतर कर्मचाऱ्यांचा १२ महिन्यांचा पगार त्यानंतर. पैसे परिसमापकाने दिले म्हणून त्यांचं रूप बदलत नाही. पगाराची थकबाकी ती थकबाकीच, कलम ८९ची सवलतही तशीच मिळते. अडचण कागदांची होते, कारण वर्षवार तक्ता करून द्यायला कार्यालयच उरलेलं नसतं. मग न्यायालयाचा आदेश, परिसमापकाकडे दाखल केलेला दावा, नेमणुकीचं पत्र आणि बँकेचं जुनं विवरण यांवरून कुठल्या महिन्याचे किती हे स्वतः मांडावं लागतं.

ज्यांना पैसे मागच्या एखाद्या वर्षी मिळाले आणि तेव्हा रिटर्नमध्ये दाखवायचे राहून गेले, त्यांच्यासाठी अद्ययावत रिटर्नची वाट आहे. कर निर्धारण वर्ष संपल्यापासून ४८ महिन्यांपर्यंत ते भरता येतं. जितका उशीर तितका जादा कर, तो २५ टक्क्यांपासून ७० टक्क्यांपर्यंत जातो. मात्र या रिटर्नमधून परतावा मागता येत नाही, तेव्हा विसरलेली सवलत परत मिळवायला त्याचा उपयोग नाही.

१ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाला आहे. २०२५-२६ मध्ये मिळालेल्या पैशांचं रिटर्न जुन्याच, म्हणजे १९६१च्या कायद्याने भरायचं. त्यानंतर मिळणाऱ्या पैशांना नवा कायदा लागू होईल. कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलतील, ‘कर निर्धारण वर्ष’ जाऊन ‘कर वर्ष’ आलं आहे, पण थकबाकीची सवलत नव्या कायद्यातही आहे. त्या वर्षाचं रिटर्न भरताना पोर्टलवर जो फॉर्म असेल तो बघून घ्या.

आणि ज्यांची तडजोड अजून व्हायची आहे त्यांना एक आग्रहाची सूचना. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार कामगाराने नोकरी सोडली किंवा त्याला काढलं, तर त्याचं वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकतं करायचं असतं. ते होत नाही, हे आपण रोज बघतो. पण तडजोडीच्या कागदावर सही करायची वेळ येते तेव्हा तुमच्या हातात थोडी ताकद असते, ती तेव्हाच वापरा. कुठल्या वर्षाच्या कुठल्या महिन्याचा किती पगार, ग्रॅच्युइटी किती, रजेचे किती, व्याज किती, पीएफ किती कापला आणि टीडीएस किती, असा तक्ता कंपनीच्या शिक्क्यासह त्याच कागदाला जोडून मागा. चेक वटल्यानंतर तो तक्ता द्यायला कुणी उत्सुक नसतं, आणि १०ई भरताना पहिल्याच रकान्यात तोच लागतो.